पंधरवड्यातली ढोलकी

शेजारच्या गच्चीवर सकाळपासून कावळ्याची मनधरणी चाललीये. पानावर वडे आहेत, खीर आहे, गवारीची भाजी आहे, आणि कावळा आमच्या पाण्याच्या टाकीवर बसून मान वाकडी करून बघतोय. शेजारचे काका आता रडकुंडीला आलेत. "ये की बाबा, किती वाट बघायला लावतो," असं म्हणतायत. आला म्हणायचा पंधरवडा. सकाळी ऊन चटके देतं, दुपारनंतर हस्ताचा गडगडाट होतो, चार शिंतोडे पडतात आणि उकाडा दुप्पट होतो. सोलापुरात पाऊस नावाला येतो, पण जाताना घाम काढून जातो.

आमच्या घरात पित्रं घालत नाहीत. त्यामुळे लहानपणी हा पंधरवडा म्हणजे शेजारून येणारा तळणीचा वास, एवढंच माहीत होतं. आता मात्र तो मला नकोसा होतो. कामामुळे, असं मी लोकांना सांगते. तेही खोटं नाही.

माझं काम म्हणजे घरच्या मागच्या खोलीत बसून गाण्यांची वाजंत्री तयार करायची. गायक शब्द आणि चाल घेऊन येतो, मी ढोलकी, संबळ, पेटी, बासरी, सगळं कम्प्युटरवर बसवते. खरं वाद्य एकही नाही. नवरात्रातली देवीची गाणी हा आमचा मोठा हंगाम, आणि तो तयार करायचे दिवस नेमके पितृपंधरवड्यातले. या दिवसांत गायक तोंड उघडत नाहीत. नवं काम सुरू करायचं नाही म्हणजे नाही. "ताई, वाजंत्री तेवढी करून ठेवा, आवाज घटस्थापनेला सकाळी देतो," असं सगळे म्हणतात. वाजंत्री जणू आपोआपच होते, तिला मुहूर्त लागत नाही. त्यामुळे पंधरा दिवस माझ्या खोलीत गाणी असतात, पण गाणारं कुणी नसतं.

एका वर्षी मात्र खोलीत अप्पा होते.

अप्पा, माझे वडील, नवी पेठेत दुसऱ्याच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसायचे. गिऱ्हाइकापुढे साडी अशी फेकायचे की ती बरोबर पदरावर उलगडून थांबायची. दिवसा साड्या आणि संध्याकाळी ढोलकी. आमच्या गल्लीतल्या मठात दर सोमवारी भजन असायचं, त्यात ढोलकी अप्पांची. मूळचे आम्ही वळसंगचे. ती ढोलकी अप्पांनी तिथूनच आणली होती, गोणपाटात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन. अव्वा, माझी आई, सांगायची, "मला बी तेवढं जपून आणलं न्हवतं."

भजनातली माणसं सगळी म्हातारी. कुणाला दमा, कुणाच्या तोंडात दात नाहीत. एक ओळ ओढता ओढता त्यांच्या नाकी नऊ यायचे. अप्पांच्या ठेक्यात समेच्या अगोदर एक थाप अशी यायची की ती वाजली की नाही, हेच कळत नसे. बोट नुसतं कातड्यावर टेकायचं. मी लहान असताना विचारलं होतं, "अप्पा, तिथं तुमचा हात चुकतो का?" ते हसले. म्हणाले, "चुकत न्हाय गं. तितं म्हाताऱ्यांनी दम घ्यायचा असतो. मी जोरात वाजीवलं तर त्यास्नी वाटतंय, गाणं पुढं गेलं, आपण मागं राहिलो." मग मी सोमवारी मुद्दाम बघत बसले. खरंच, त्या जागेवर सगळ्यांच्या छात्या एकदम वर व्हायच्या.

अप्पांना कंपवात झाला तो आधी साडीत दिसला. उलगडलेली साडी पदरावर थांबेना. मालकांनी फार मानानं घरी बसवलं, शाल वगैरे घातली. अव्वानं ती शाल ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि वर गव्हाचं पोतं ठेवलं. "साकु," म्हणाली. म्हणजे पुरे. तिला राग आला की ती कानडीत बोलते.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी आपण दाबतो, तेव्हा ती किती जोरात दाबली याचा एक आकडा नोंदला जातो. एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. स्क्रीनवर प्रत्येक आघाताखाली एक उभी काठी दिसते. जोराचा आघात असेल तर उंच काठी, हळू असेल तर बुटकी. माऊसनं ती वरखाली ओढता येते. गंमत अशी की काठी लहान केली की नुसता आवाज कमी होत नाही, नादच बदलतो. जोराच्या थापेत ढोलकी ऐकू येते आणि हळू थापेत बोट ऐकू येतं. सगळ्या काठ्या सारख्या ठेवल्या तर ढोलकी यंत्रमागासारखी खटाखट वाजते. म्हणून मग आम्ही काठ्या खालीवर करत बसतो. ओढून ओढून मनगट दुखतं, आणि ऐकणारा म्हणतो, "छान आहे, पण आवाज मोठा करा की."

एक बटणही असतं. ते दाबलं की कम्प्युटर आपल्या मनानं काठ्या थोड्या वेड्यावाकड्या करतो, म्हणजे माणसानं वाजवल्यासारखं वाटावं. मला त्या बटणाचा संताप येतो. माणूस काय असा कुठेही, कसाही डगमगतो होय?

तर त्या वर्षी महेशभाऊ आला. महेशभाऊ म्हणजे जागरणात आणि मंडळांच्या मिरवणुकीत गाणारा आमच्या भागातला गायक. गळा चांगला, माणूसही चांगला. लहानपणी मठात प्रसादाच्या लालचीनं भजनाला यायचा. देवीचं नवीन गाणं घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, ह्याला अप्पांचा ठेका घाला की. तो मठातला. लई दिवसापासून डोक्यात हाय माझ्या."

अप्पा दारात उभे होते, चौकट धरून. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. कंपवातानं चेहरा मुखवट्यासारखा होत चालला होता, हसू आलेलं कळायचं नाही. तरी त्या दिवशी कळलं. महेशभाऊ गेल्यावर म्हणाले, "संगू, एकदा करू. रस्त्यावनं जाऊ दे एकदा माझा ठेका. मठात किती, धा माणसांनी ऐकला असंल. परत हात ऐकतोय का न्हाय, कुणाला ठावं."

झालं. त्या पंधरवड्यात आमच्या घरात एवढं एकच काम होतं.

ढोलकी आता त्यांच्या हातांना पेलवत नव्हती, म्हणून आधी मी त्यांच्यापुढे रबरी पॅड ठेवलं. त्यावर बोटानं मारलं की कम्प्युटरात ढोलकी वाजते आणि काठी उमटते. अप्पांची गोळी अंगात भिनली की थोडा वेळ हात मोकळा व्हायचा. तेवढ्यात काय ते वाजवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. त्यांची बोटं हलत होती आणि खोलीत आवाजच नव्हता. पॅडला एक मर्यादा लावलेली असते, तिच्याखालचा आघात तो आघात म्हणून धरतच नाही. चुकून धक्का लागला, टेबल हललं, तर ते वाजू नये म्हणून. अप्पांच्या थापा त्या मर्यादेखाली होत्या. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "लावलंच न्हाईस व्हय अजून?"

मी मर्यादा खाली केली. तेव्हा वेगळंच झालं. थापा आल्या, पण त्यांच्यामध्ये बारीक बारीक काठ्यांचं रान उगवलं. ती हाताची थरथर होती. पॅडला काय कळतंय, कुठली थाप मनातली आणि कुठली रोगाची. मर्यादा वर केली की थरथर जायची आणि अप्पाही जायचे. खाली केली की दोघं यायचे. पुढचे काही दिवस मी ती मर्यादा केसभर वर, केसभर खाली करत बसले. आणि जी थाप त्यांना सगळ्यात हवी होती, ती समेआधीची, ती तर थरथरीपेक्षाही हळू. नको ते खुडायला जावं तर तीच आधी हाताला लागायची.

"राहू दे," अप्पा एका दुपारी म्हणाले. "हात काय कामाचा न्हाय आता. मी सांगतो, तू काढ."

मग त्यांनी सांगायचं आणि मी काठ्या ओढायच्या, असं सुरू झालं. ते माझ्या शेजारी खुर्चीवर, खांद्याला खांदा लावून. "हितं दाब. जरा सोड. एवढं न्हाय, पोर झोपलंय असं समज. हां, आता हितं जरा चिडल्यावानी." मी चिडल्यावानी म्हणजे किती, याचा आकडा शोधत बसायची. बऱ्याचदा मीच चिडायची. "अप्पा, आकड्यात सांगा की!" तर ते म्हणायचे, "मला आकड्यात आलं असतं तर मी दुकानाचा मालक न्हवतो का झालो?" आम्ही दोघंही हसायचो. मग त्यांचं हसणं खोकल्यात जायचं आणि अव्वा आतून ओरडायची.

त्या दुपारी मला आजही वासासकट आठवतात. तापलेल्या कम्प्युटरचा वास, अप्पांच्या अंगाला चोळलेल्या तेलाचा वास, शेजारून तळणीचा. हस्ताचा एक ढग रोज दक्षिणेकडून यायचा. अप्पा खिडकीतून बघून म्हणायचे, वळसंगला पडला तर जुंधळा पेरतील. वीज जायची. अंधारलेल्या स्क्रीनपुढे आम्ही दोघं तसेच बसून राहायचो. एरवी मी विजेला शिव्या घालते, पण तेव्हा घातल्या नाहीत.

त्यांचा आवाजही त्याच दिवसांत बसत गेला, हे माझ्या लक्षात यायला उशीरच झाला. या आजारात बोलणं बारीक होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण रोज बघणाऱ्याला बारीक होत जाणारं काही दिसत नाही. सुरुवातीला ते खुर्चीत टेकून सांगायचे. नंतर माझ्याकडे वाकून सांगू लागले. शेवटी शेवटी मीच कान त्यांच्या तोंडाशी नेत होते. मला वाटायचं, अप्पा तल्लीन झालेत म्हणून हळू बोलतायत. कप्पाळ माझं.

समेआधीची ती थाप काही केल्या जमेना. काठी जरा मोठी झाली की कानाला टोचायची. जरा छोटी केली की तिथं भोक पडल्यासारखं व्हायचं. अप्पा मान हलवायचे. नाही. अजून नाही. एका संध्याकाळी मी नुसतीच कंटाळून त्या काठीशी चाळा करत होते, आणि तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजत होता. आत अव्वा भाकरी थापत होती. ती ठेक्यावर मठातलं भजन गुणगुणायला लागली. तिच्याही नकळत, थापटता थापटता. ओळ ओढली, आणि बरोबर त्या जागी थांबून तिनं दम घेतला.

अप्पांनी माझा दंड धरला. केवढा जोर होता त्या हातात! "हां," म्हणाले. "हात लावू नको आता. बास."

मला रडू आलं, उघड सांगते. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि नंतर तर नाहीच. अव्वाला वाटलं, आमचं भांडण झालं. ती पिठाच्या हातानं बाहेर आली आणि आम्हा दोघांनाही बोलली.

घटस्थापनेला महेशभाऊ सकाळीच आला, आंघोळ करून, कपाळाला मळवट भरून. आवाज सुरेख दिला. मग त्यानं गाणं फोनवर घेतलं, खाली जाऊन गाडीतल्या स्पीकरवर लावलं आणि जरा वेळानं वर आला. अवघडून उभा राहिला. "ताई, रागावू नका. ढोलकी दबतीया. ट्रकवर भिंतीएवढे बॉक्स असत्यात, समोर पोरं नाचत्यात. त्यात हे टिकणार न्हाय. मंडळाची पोरं अर्ध्यात बदलत्यात मग गाणं. सगळी ढोलकी एका पातळीला आणा. फुल."

भांडायला काही जागाच नव्हती, हेच वाईट. तो बरोबर बोलत होता. रस्त्यावर बोट कुणाला ऐकू येणार? ठेका रस्त्यावरून जावा, हीच तर अप्पांची इच्छा होती, आणि रस्त्यावरून जायचा तर तो असाच जाणार होता. अप्पा तेव्हा आत होते, अव्वा त्यांना नवीन सदरा घालत होती. संध्याकाळी देवीची मिरवणूक आमच्या गल्लीतून जाते, म्हणून. मी सगळ्या काठ्यांवर चौकट ओढली आणि वर ढकलली. पंधरा दिवसांचं काम एका झटक्यात छताला जाऊन टेकलं. सगळ्या काठ्या एका उंचीच्या, मोजणीला उभ्या केल्यासारख्या. महेशभाऊनं ऐकलं आणि हात जोडले. "अप्पांना सांगा," म्हणाला, "महेशनं लई आभार मानलेत." मी मान डोलावली आणि सांगितलं नाही.

परवा त्याचा फोन आला होता. यंदाचं गाणं तयार आहे म्हणाला. "ढोलकी त्या वर्षीसारखी ठेवा ताई. लई दणदणीत झाली होती." ठेवीन म्हटलं. अप्पांनी सांगितलेली, बुटक्या काठ्यांची, ती मी वेगळी ठेवली आहे. कधी कधी लावते. मधल्या वर्षांत एकदोन गाण्यांत मी गुपचूप ती समेआधीची थाप घालून बघितली. दोन्ही वेळा गाणं परत आलं. एकानं लिहिलं, इथं काहीतरी राहिलंय का? तेव्हापासून घालत नाही.

अप्पा आता आतल्या खोलीत पडून असतात. हात थरथरायचाही थांबलाय, लाकडासारखा चादरीवर असतो. डॉक्टर म्हणतात, असंच चालायचं. भजनातली म्हातारी बहुतेक सगळी गेली, आणि मठात आता स्पीकर लावतात. बरं होईल असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही, आणि खोटं बोलायची आमच्यात कुणाला सवय नाही. मी मात्र त्यांच्याशी एकदा बोलले आहे खोटं. त्या घटस्थापनेलाच.

संध्याकाळी आम्ही त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं होतं. नवा सदरा, कपाळाला भस्म, मांडीवर दोन्ही हात. दिवे लागायच्या वेळेला मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली आणि महेशभाऊचं गाणं सुरू झालं. खिडक्यांची तावदानं थडथडायला लागली. अव्वानं कानांवर हात ठेवले. खाली पोरं बेभान नाचत होती, गुलाल गॅलरीपर्यंत उडत होता. अप्पा पुढे झुकून ऐकत होते. गाणं समेवर येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"हे आपलंच गाणं न्हाय का?"

"व्हय अप्पा."

समेआधीची जागा आली, तशी त्यांनी मान तिरपी केली.

"मग ढोलकी कुणाची घातलीस?"

तुमचीच आहे असं मी म्हटलं असतं, तर असली ढोलकी आता आपल्या नावावर कायमची बसली असं त्यांना वाटलं असतं. मी म्हणाले, "दुसऱ्याची घातली अप्पा. त्यांना मोठा आवाज पाहिजे होता."

त्यांनी मान डोलावली. चेहऱ्यावर काही उमटणं शक्यच नव्हतं. "बरं केलंस," म्हणाले. "माझी कुणाला ऐकूच आली नसती."

तेवढ्यात ट्रक आमच्या गॅलरीखाली आला. अप्पांचे ओठ पुन्हा हलले, पण त्या दणक्यात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी कान त्यांच्या ओठांना टेकवला तेव्हा कुठं कळलं. ते म्हणत होते, "आत घे मला."